कोरी जागा आणि शून्य : संशोधनातल्या गहाळ नोंदींचं काय करायचं?

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय ऐकायला कोरडा आहे. संशोधनासाठी माहिती गोळा केली, तक्ता तयार झाला आणि त्यात काही चौकोन रिकामे राहिले. कुणी उत्तर दिलं नाही, कुणी मधेच सोडून गेलं, काही ठिकाणी पुरावाच मिळाला नाही. त्या रिकाम्या चौकोनांत काय लिहायचं? संख्याशास्त्रात या भरण्याला ‘इम्प्युटेशन’ म्हणतात. बहुतेक विद्यार्थी हे काम प्रबंधाच्या शेवटच्या आठवड्यात, एका बटणावर उरकतात. एसपीएसएसमध्ये तर ‘सरासरीने भरा’ असा पर्यायच दिलेला आहे. एकदा दाबला की तक्ता भरगच्च दिसतो आणि मार्गदर्शकही खूश होतात.

या एका पायरीवर अख्खा निष्कर्ष उभा राहू शकतो किंवा कोसळू शकतो, हे मी आज एका प्रत्यक्षात घडलेल्या उदाहरणातून दाखवणार आहे. उदाहरण जगातल्या सर्वात मानाच्या विज्ञान-नियतकालिकांपैकी एकातलं आहे, त्यामुळे ‘नवशिक्यांच्या चुका’ म्हणून ते बाजूला सारता येणार नाही.

मार्च २०१९मध्ये ‘नेचर’मध्ये एक शोधनिबंध आला. हार्वी व्हाइटहाउस, पीटर टर्चिन आणि त्यांचे बरेच सहकारी. प्रश्न फार मोठा होता. माणसाच्या वागणुकीवर नजर ठेवणारे, पापाला शिक्षा आणि पुण्याला बक्षीस देणारे देव आधी आले, की मोठमोठी गुंतागुंतीची राज्यं आधी आली? आपल्या भाषेत सांगायचं तर, चित्रगुप्ताची वही आधी की राजाचं दफ्तर आधी?

हा प्रश्न का महत्त्वाचा? कारण एक लोकप्रिय मत असं होतं, की अनोळखी माणसांनी लाखोंच्या संख्येनं एकत्र राहायचं तर वरून कुणीतरी पाहतंय हा धाक लागतो. आरा नोरेन्झायन यांचं ‘बिग गॉड्स’ हे २०१३चं पुस्तक या मताचं चांगलं प्रतिनिधित्व करतं. म्हणजे देव आधी, मोठा समाज नंतर. ‘नेचर’मधला निबंध म्हणाला की उलटं आहे. समाज आधी मोठा होतो, साधारण दहा लाखांच्या घरात लोकसंख्या जाते, आणि त्यानंतर असे नीतिरक्षक देव दिसू लागतात.

त्यासाठी त्यांनी ‘सेशात’ नावाचा माहितीसंच वापरला. सेशात ही इजिप्तची लेखनाची देवता, हे नाव लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. जगातले ३० प्रदेश, गेली सुमारे दहा हजार वर्षं, ४१४ समाज. गुंतागुंत मोजायला ५१ निकष आणि देवांची नीतिमत्ता मोजायला ४ निकष. या ३० प्रदेशांत आपलं दख्खन आहे, गारो टेकड्या आहेत आणि बलुचिस्तानातलं कच्छीचं मैदान आहे, जिथे मेहरगढ सापडलं. काम अफाट होतं. इतिहासकारांना विचारून एकेका शतकाची नोंद करणं म्हणजे खायचं काम नाही. त्यांनी माहिती आणि संगणकाचा कोड दोन्ही सर्वांसाठी खुलं ठेवलं होतं, हेही सुरुवातीलाच सांगतो. पुढची सगळी टीका शक्य झाली ती त्यामुळेच.

आता अडचण पाहा. इ.स.पू. २०००मध्ये एखाद्या खोऱ्यात लोक राहत होते. त्यांची घरं सापडतात, धान्याची कोठारं सापडतात, वस्तीचा आकार मोजता येतो. पण त्यांचा देव चोरी केल्यावर शिक्षा करायचा का? हे मडक्यावरून कसं कळणार?

आपल्या जवळचं उदाहरण घेऊ. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं तिथे वर्षानुवर्षं उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळातली शेतकऱ्यांची वस्ती. तिथे मातीच्या पेटीत ठेवलेली शिर नसलेली स्त्रीमूर्ती मिळाली, सोबत बैल मिळाला. म्हणजे पूजा होती असं म्हणायला जागा आहे. पण ती देवी खोटं बोलणाऱ्यावर कोपायची की नाही? याचं प्रामाणिक उत्तर एकच, ‘माहीत नाही’. तक्त्यात ते ‘माहीत नाही’ असंच यायला हवं.

‘सेशात’मध्येही अशा नोंदी ‘माहीत नाही’ अशाच होत्या. पण विश्लेषणाच्या कोडमध्ये एका पायरीला या सगळ्या नोंदींचं शून्य करण्यात आलं. आणि या तक्त्यात शून्य म्हणजे ‘असे देव नव्हते’. मित्रहो, ‘माहीत नाही’ आणि ‘नव्हते’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. वर्गात हजेरी घेतलीच नाही आणि वर्गात कुणी आलंच नाही, या दोन गोष्टी एकच आहेत का?

हे पकडलं ब्रेट बेहेम आणि सहकाऱ्यांनी. त्यांच्या मोजणीनुसार देवांविषयीच्या नोंदींपैकी सुमारे ६१ टक्के नोंदी ‘माहीत नाही’ होत्या. शून्य करून टाकल्या त्या याच. विश्लेषणात ‘देव नव्हते’ म्हणून जे धरलं गेलं, त्यातला बहुतांश भाग मुळात कोरा होता. आणि निबंध वाचणाऱ्याला ही पायरी स्पष्टपणे दिसत नव्हती. ती दिसली कोड उघडल्यावर.

आता कुणी म्हणेल, ‘बरं, शून्य टाकलं, पण चूक दोन्ही बाजूंना सारखीच होईल की. काही ठिकाणी कमी, काही ठिकाणी जास्त, सरासरीत फिटून जाईल.’ इथे खरी मेख आहे. फळ्यावर एक कल्पित प्रदेश मांडतो. दहा शतकं. समाज पहिल्यापासून हळूहळू वाढतोय आणि पाचव्या-सहाव्या शतकात चांगला मोठा होतो. सातव्या शतकात भरपूर लेखन मिळायला लागतं. लेखन मिळालं की देवाबद्दल वाचता येतं, म्हणून सातव्या शतकापासून नोंद ‘देव आहेत’. पहिली सहा शतकं कोरी. आता त्या सहाही ठिकाणी शून्य भरा. तक्ता काय सांगेल? ‘समाज आधी वाढला, देव सातव्या शतकात आले.’ दुसरा प्रदेश घ्या, तिसरा घ्या, दरवेळी हेच उत्तर. देव खरोखर पहिल्या शतकात आलेले असोत की आठशे वर्षांपूर्वी, तक्त्याला फरक पडत नाही. उत्तर आपण भरलेल्या शून्यांनी दिलेलं असतं.

आणखी एक गोष्ट. गुंतागुंत मोजण्याच्या ५१ निकषांत लेखन हाही एक भाग होता. म्हणजे लेखन आलं की समाज गुंतागुंतीचा ठरतो, आणि लेखन आलं की देव दिसायला लागतात. दोन्ही दोऱ्या एकाच खुंटीला बांधलेल्या. म्हणून म्हटलं, सेशात लेखनाची देवता आहे हे लक्षात ठेवा.

लेखकांना ही शंका सुचलीच नव्हती असं नाही. त्यांचं म्हणणं होतं, की त्यांच्या नमुन्यात लेखन हे देवांच्या आधी सरासरी ४०० वर्षं दिसतं. मग लिहिता येत असूनही ४०० वर्षं देवांचा उल्लेख नाही, म्हणजे देव नव्हतेच. युक्तिवाद वरवर पाहता चांगला आहे. पण ‘लेखन होतं’ म्हणजे ‘देवांबद्दल लिहिलं होतं’ असं होतं का? मेसोपोटेमियातलं सर्वात जुनं लेखन, सुमारे इ.स.पू. ३३००चं, हे मुख्यतः हिशेबाचं आहे. किती सातू आला, किती मेंढ्या गेल्या. स्तोत्रं, कथा, नीतिवचनं म्हणावीत असं लेखन त्यानंतर काही शतकांनी मिळतं. किराणा दुकानाची खतावणी वाचून दुकानदाराचा देव कोणता हे तुम्ही सांगाल का?

आपल्याच दख्खनात या. सोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे मिळाले, ते इ.स.पू. तिसऱ्या शतकातले. त्यानंतर नाणेघाट. सातवाहन राणी नागणिकेचा म्हणून जो लेख ओळखला जातो, तो साधारण इ.स.पू. पहिल्या शतकाचा मानतात. त्याच्या आरंभी धर्माला वंदन आहे, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आहेत आणि चार लोकपालांत यम आणि वरुण आहेत. आता यम आणि वरुण नाणेघाटात लेख कोरला त्या दिवशी जन्माला आले का? छिन्नी लागली तेव्हा ते आपल्या नजरेला पडले, एवढंच. त्याआधीच्या शतकांत या डोंगराळ मुलखात कोण कुणाला भीत होतं, हा चौकोन कोराच आहे. आणि सिंधू संस्कृतीचं तर आणखी अवघड. लिपी आहे, पण ती सर्वमान्य रीतीनं अजून वाचता आलेली नाही. तिथे शून्य लिहायला कुणाचा हात धजावेल?

याला संख्याशास्त्राची चौकट आहे. डोनाल्ड रुबिन यांनी १९७६मध्ये ‘बायोमेट्रिका’त एक निबंध लिहिला. त्यांचं सूत्र असं, की किती नोंदी गहाळ आहेत याच्या आधी, त्या का गहाळ आहेत हे विचारा. पुढे याचे तीन प्रकार रूढ झाले. पहिला, निव्वळ योगायोग. सर्वेक्षणाचे काही फॉर्म पावसात भिजले. दुसरा, गहाळ होणं आपल्याकडे नोंद असलेल्या दुसऱ्या गोष्टीवर अवलंबून असतं. म्हातारी माणसं एखादा प्रश्न टाळतात, पण वय आपल्याला माहीत आहे, तर त्या आधारानं काही भरता येतं. तिसरा प्रकार सर्वात वाईट. जी किंमत गहाळ आहे, तीच तिच्या गहाळ होण्याचं कारण असते. खूप कमावणारा माणूसच उत्पन्न सांगत नाही. इथे हातातल्या आकड्यांवरून उरलेल्यांचा अंदाज बांधणं म्हणजे अंधारात तीर मारणं.

देवांच्या नोंदी कुठल्या प्रकारात बसतात? पहिल्या तर नक्कीच नाही. कोरे चौकोन इतिहासभर विखुरलेले नव्हते, ते लेखनाच्या आधीच्या काळात गोळा झाले होते. एवढं पाहिलं असतं तरी शून्य भरताना हात थांबला असता.

मला या निबंधातली सर्वात खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. समाजाची गुंतागुंत मोजताना जिथे नोंदी गहाळ होत्या, तिथे याच लेखकांनी ‘मल्टिपल इम्प्युटेशन’ ही काळजीची पद्धत वापरली. म्हणजे एकाच तक्त्यात डावीकडचे कोरे चौकोन जपून, अनिश्चितता सांभाळत भरले, आणि उजवीकडच्या चौकोनांत सरसकट शून्य. एकाच घरात दोन वजनकाटे. पद्धत येत नव्हती असं म्हणायला जागाच उरत नाही.

मल्टिपल इम्प्युटेशन म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगतो. कोऱ्या जागी एकच आकडा न भरता, शक्य वाटणारे वेगवेगळे आकडे भरून तक्त्याच्या अनेक प्रती करायच्या. प्रत्येक प्रतीचं विश्लेषण करायचं आणि उत्तरांत जो फरक पडतो, तो अंतिम उत्तराच्या अनिश्चिततेत मिळवायचा. म्हणजे ‘मला हे माहीत नव्हतं’ ही गोष्ट शेवटच्या ओळीपर्यंत सोबत येते.

सरासरी भरण्यात नेमकं हेच हरवतं. समजा १०० घरांचं सर्वेक्षण आहे. ६० घरांनी उत्पन्न सांगितलं, ४० घरांनी नाही. ४० जागी त्या ६०ची सरासरी भरली. सरासरी बदलली नाही, म्हणून आपण निर्धास्त. पण ४० घरं आता बरोब्बर सरासरीवर बसली आहेत, त्यामुळे आकड्यांचा पसारा आकसला. विचरण मूळच्या साधारण ६० टक्क्यांवर आलं. वर नमुना ६०चा असून आपण १००चा म्हणून मिरवतोय. दोन्ही मिळून प्रमाण त्रुटी खरी असायला हवी त्याच्या जेमतेम ०.६ पट दिसते. जी माहिती कुणी दिलीच नाही, तिच्या जोरावर आपण जास्त ठाम बोलायला लागतो! आणि गप्प बसलेली ४० घरं श्रीमंतांची असतील तर ती सरासरीसुद्धा चुकीची.

जुनी माणसं याबाबत जास्त सावध होती. शेतीच्या प्रयोगात एखादा वाफा वाहून जायचा, गुरं शिरायची. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या फ्रँक येट्स यांनी १९३३मध्ये अशा गहाळ वाफ्याची किंमत काढायची रीत मांडली. त्यातली शिस्त बघा. गहाळ वाफ्यासाठी आकडा काढायचा, गणित सुटसुटीत करण्यासाठी वापरायचा, पण त्रुटीच्या डिग्री ऑफ फ्रीडममधून प्रत्येक गहाळ वाफ्यामागे एक वजा करायचा. म्हणजे भरलेला आकडा हिशेबाच्या सोयीसाठी आहे, त्याला माहितीचा मान नाही. आपल्याकडे पानसे आणि सुखात्मे यांच्या १९५४च्या पुस्तकावर शेतकी संख्याशास्त्र शिकलेल्या पिढ्या ही शिस्त हातानं, कागदावर पाळायच्या. बटण आलं आणि ती वजाबाकी विस्मरणात गेली.

एक चिठ्ठी आली आहे, वाचतो. ‘मग टीकाकारांनी काय केलं? त्यांनी कोरे चौकोन गाळून टाकले असतील, तर तीही मनमानीच नाही का?’

फार चांगला प्रश्न. टीकाकारांनी शून्यांच्या जागी परत ‘माहीत नाही’ ठेवून गणित केलं, तेव्हा निबंधाचा मुख्य निष्कर्ष टिकला नाही. पण गाळणं हीसुद्धा एक निवडच आहे, तुमचं म्हणणं बरोबर. देवांबद्दल पुरावा मिळतो ते समाज लिहिणारे, मोठे, आणि अनेकदा मंदिरं बांधणारे. फक्त त्यांच्यावरून निष्कर्ष काढला तर तोही एका बाजूला झुकणार. शिवाय टीकाकारांमध्ये स्वतः नोरेन्झायन होते, म्हणजे ज्यांच्या मतावर निबंधानं हल्ला केला होता तेच. हितसंबंध दोन्हीकडे आहेत. पण टीकेच्या मथळ्यातच त्यांनी जो दावा केला तो मर्यादित आणि माझ्या मते अचूक आहे. निष्कर्ष ठरवला तो गहाळ नोंदींच्या हाताळणीनं. त्यावरून ‘देव आधी आले’ हे आपोआप सिद्ध होत नाही. एवढंच सिद्ध होतं, की या तक्त्यावरून हा वाद मिटत नाही.

मूळ लेखकांची बाजूही नीट ऐकायला हवी. त्यांचं म्हणणं असं, की छोट्या समाजांत नीतिरक्षक मोठे देव नसतात असं मानववंशशास्त्रज्ञांच्या नोंदींवरून वाटतं, तेव्हा पुरावा नसेल तिथे ‘नव्हते’ समजणं अगदीच हवेतलं नाही. हा विचार करण्याजोगा मुद्दा आहे. पण मग ते तुमचं गृहीतक झालं, आणि गृहीतक वाचकासमोर मांडायचं असतं. ‘आम्ही असं धरलंय, नाही धरलं तर उत्तर असं येतं’ हे दोन्ही तक्ते शेजारी ठेवायचे. इथे तर जे सिद्ध करायचं तेच कोऱ्या जागी भरलं गेलं. ‘छोट्या समाजांत देव नव्हते’ असं धरायचं आणि शेवटी ‘बघा, छोट्या समाजांत देव नव्हते’ म्हणायचं.

शेवट काय झाला? जुलै २०२१मध्ये लेखकांनी हा निबंध मागे घेतला. सुधारित विश्लेषण करूनही आपला मुख्य दावा टिकतो असं त्यांचं म्हणणं कायम आहे आणि तो त्यांनी पुढे वेगळ्या निबंधात नव्यानं मांडला. तो वाद चालू राहील, चालू राहू दे. पण मधल्या दोन वर्षांत ‘विज्ञानानं सिद्ध केलं, देव समाजानंतर आले’ अशा बातम्या जगभर फिरल्या. मागे घेतल्याची बातमी तेवढी फिरत नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता हे आपल्या कामाला कसं लावायचं? समोर बसलेले बरेचजण प्रबंध लिहितायत, कुणी आरोग्याचं सर्वेक्षण करतंय, कुणी शाळांचं. तुमच्या तक्त्यात देव नसतील, पण कोरे चौकोन असतीलच. हे औषधांच्या चाचण्यांतही होतं. रुग्ण मधेच सोडून गेला तर त्याची शेवटची नोंदच पुढे ओढत न्यायची, अशी एक प्रथा बरीच वर्षं होती. स्मृतिभ्रंशासारखा आजार घ्या, जो दिवसागणिक वाढतच जातो. ज्या औषधाचा त्रास होऊन रुग्ण लवकर सोडून जातात, त्यांची सुरुवातीची बरी अवस्था शेवटपर्यंत गोठवली जाते. म्हणजे त्रासदायक औषध कागदावर गुणकारी दिसू शकतं. कुणाच्या तरी आईला, आजोबांना ते औषध दिलं जाणार असतं.

म्हणून तीन-चार गोष्टी सांगतो. एक, कोरी जागा टाळायचे कष्ट आधी घ्या. पुन्हा त्या घरी जा, पुन्हा फोन करा. दुसरं, ‘माहीत नाही’, ‘सांगायला नकार’, ‘लागू नाही’ आणि ‘शून्य’ यांना वेगवेगळ्या खुणा द्या. एक्सेल सरासरी काढताना कोरा चौकोन सोडून देतं आणि शून्य मात्र मोजतं, एवढं लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ. तिसरं, किती नोंदी गहाळ आहेत आणि कुठल्या गटात जास्त आहेत, हा तक्ता प्रबंधात पहिल्यांदा द्या, परिशिष्टात लपवू नका. आणि चौथं, दोन-तीन वेगवेगळ्या रीतींनी भरून बघा. उत्तर सगळीकडे तेच आलं तर ठामपणे बोला. बदललं तर ते बदलतं हेच तुमचं संशोधन आहे, तसं लिहा. मल्टिपल इम्प्युटेशन वापरलं म्हणून सुटलो असंही समजू नका. तिसऱ्या प्रकारात, जिथे गहाळ किंमत स्वतःच लपून बसते, तिथे तीही पद्धत तुमच्या गृहीतकाएवढीच खरी असते.

परीक्षकांनाही एक विनंती. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत ‘नमुना किती?’ असं आपण हमखास विचारतो. त्याच्या पाठोपाठ ‘त्यातले भरलेले किती आणि तुम्ही भरलेले किती?’ हेही विचारा. विद्यार्थी गडबडला तर रागावू नका, पण उत्तर मिळाल्याशिवाय पुढचा प्रश्नही विचारू नका.

वेळ संपत आली, इथे थांबतो. प्रश्न असतील तर खाली उतरल्यावर बोलूच.